लेकीच्या बँडला गिलमनला शो मिळाला तर

घरात ट्रॉम्बोन, ट्रंपेट नाहीतर सॅक्सोफोन वाजवणारं पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल आणि तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहत असाल, तर एक दिवस जेवताना ते सांगेल, "आई, आम्हाला गिलमनला शो मिळाला." माझ्या लेकीने हे सांगितलं तेव्हा गिलमन म्हणजे बर्कलीतली पंक बँडांच्या कार्यक्रमांची जागा, हेही मला माहीत नव्हतं, आणि विचारावं असं ओळखीत कोणी नव्हतं. पहिले दोन शो मी रस्त्यापलीकडे गाडीत बसून काढले, काचा वर करून. पोरगी आत स्टेजवर आणि मला भिंतीपलीकडून नुसता ड्रमचा धबधब ऐकू येत होता. ते दोन शो माझे गेले ते गेलेच. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तर पहिली गोष्ट. आत जायचं, आणि आपल्या मुलांचं वाजवून झालं तरी शेवटच्या बँडपर्यंत थांबायचं. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका. का, ते पुढे येईलच.

जागा

बर्कलीत गिलमन स्ट्रीटवर, आठव्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, ९२४ नंबरची विटांची इमारत आहे. बाहेरून बघितलं तर जुनं गोदाम. ३१ डिसेंबर १९८६ च्या रात्री तिथे पहिला कार्यक्रम झाला. ही जागा तेव्हापासून स्वयंसेवक चालवत आले आहेत. नफा काढणारा कोणी शेठ नाही. दारावर बसणारे, साउंड बघणारे, शेवटी झाडू मारणारे, सगळे आपापली नोकरी-शाळा सांभाळून येतात. भिंतीवर नियम रंगवलेले आहेत: दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बायकांना कमी लेखणं नाही, समलिंगी माणसांचा द्वेष नाही. आणि कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश आहे.

या शेवटच्या नियमाचं मोल मला दुसरीकडे कळलं. गिलमनच्या आधी आमच्या पोरांना एका बारमध्ये वाजवायची संधी मिळाली होती. एकवीसच्या खालची मुलं, म्हणून त्यांना त्यांच्या सेटपुरतंच, म्हणजे त्यांची गाणी वाजवण्यापुरतंच आत घेतलं. आधीचा दीड तास सातही जणं आपापल्या वाद्यांच्या पेट्या घेऊन फुटपाथवर उभी होती, वाजवून झालं की दहा मिनिटांत पुन्हा बाहेर. नंतरचे बँड त्यांनी दाराच्या फटीतून ऐकले. त्यांच्या शाळेतल्या मित्रांना तर येताच आलं नाही. ज्यांच्यासाठी हे संगीत आहे तीच मुलं बाहेर! गिलमनला तसं होत नाही. तिथे बारा वर्षांचं पोर पहिल्या रांगेत उभं असतं आणि साठीचा माणूस त्याच्या मागे.

मोठी नावं ऐकून तुम्हाला धीर येणार असेल तर सांगते. ग्रीन डे हा बँड 'स्वीट चिल्ड्रन' या नावाने इथेच वाजवायचा. पुढे त्यांनी मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला आणि गिलमनच्या नियमाप्रमाणे त्यांना इथलं स्टेज बंद झालं. २०१५ मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी ते परत येऊन वाजवून गेले. पण आपल्या कामाचं नाव त्यांचं नाही, ऑपरेशन आयव्हीचं आहे. १९८७ ते १९८९ अशी जेमतेम दोन वर्षं चाललेला बर्कलीचा बँड. पंक म्हणजे वेगवान, ओरडून गायलेलं रॉक, आणि स्का म्हणजे जमैकातलं नाचाचं संगीत. पंकच्या वेगात स्का वाजवायचं हे इथल्या पोरांनी त्यांच्याकडून उचललं, आणि तुमच्या मुलाच्या प्लेलिस्टमध्ये तो बँड असणार, विचारून बघा.

स्का कसं ऐकायचं

ज्याला आपल्याकडचा ताल माहीत आहे त्याला स्का समजायला पाच मिनिटं पुरतात. केरवा धरा, जरा चढ्या लयीत. धा गे ना ती, ना के धी ना. आता धा, ना, ना, धी या मात्रांवर पाय आपटा आणि गे, ती, के, ना यांवर टाळी द्या. ती टाळी म्हणजे स्काची गिटार. ती कधीच पायाबरोबर पडत नाही, दोन पावलांच्या मधे पडते, आणि पडल्या पडल्या हाताने तार दाबून आवाज तोडलेला असतो. च्क, च्क, च्क, च्क. घरी डाळीला फोडणी देताना मी हे करून बघते, एक पाय आणि ओट्यावर एक पळी. दोन-तीन दिवसांत अंगात बसतं. एकदा बसलं की स्काच्या गाण्यावर स्वस्थ उभं राहता येत नाही.

मग मधेच गाणं पंक होतं. गिटारचा तुटक आवाज जाऊन सलग गुरगुर सुरू होते, ड्रम दुपटीने पळायला लागतो, गाणारी पोरगी ओरडते. आठ-सोळा मात्रा तसं, आणि परत च्क, च्क. ही ये-जा ऐकत राहा. माझ्या लेकीच्या बँडचं निम्मं काम या वळणांवर असतं, आणि सराव करताना त्यांची सगळ्यात जास्त भांडणंही तिथेच होतात.

ट्रॉम्बोनच्या आईबापांनी एक गोष्ट जरूर माहीत करून घ्यावी. जमैकात किंग्स्टनला अल्फा बॉईज स्कूल नावाची शाळा होती, गरीब घरच्या मुलांसाठी कॅथलिक नन चालवायच्या ती. तिथे बँड शिकवत. डॉन ड्रमंड आणि रिको रॉड्रिग्ज हे दोन ट्रॉम्बोनवाले त्या शाळेतले. ड्रमंड पुढे १९६४ मध्ये निघालेल्या स्कॅटलाइट्स या बँडमध्ये गेला, ज्यांनी स्काला आकार दिला. रिको १९६१ मध्येच इंग्लंडला गेला होता. १९७९ मध्ये कॉव्हेंट्रीच्या गोऱ्या-काळ्या पोरांनी मिळून द स्पेशल्स या बँडचा पहिला अल्बम काढला, तेव्हा पंक ऐकणाऱ्या त्या मुलांच्या शेजारी हा पंचेचाळिशीच्या घरातला रिको ट्रॉम्बोन घेऊन उभा होता. काळ्या-पांढऱ्या चौकटींचं जे चित्र मुलांच्या बुटांवर, पट्ट्यांवर दिसतं ते त्याच वेळचं, त्यांच्या टू टोन या रेकॉर्ड कंपनीचं.

शाळेच्या बँडमधून निघालेलं वाद्य पुन्हा शाळेच्या बँडमध्येच येऊन पोचलं याचं मला फार अप्रूप वाटतं. इथल्या सरकारी शाळेत सहावीत वाद्य निवडायला सांगतात. माझ्या लेकीचे हात लांब म्हणून मास्तरांनी ट्रॉम्बोन दिला. तीन वर्षं तिने शाळेच्या मार्चिंग बँडचं वाजवलं, निमूटपणे. मग कोणीतरी तिला स्का ऐकवलं. त्या दिवसापासून आमच्या गॅरेजमध्ये गाडी लागलेली नाही.

अजून एक नाव आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावं, माइक पार्क. कोरियन घरातला मुलगा, साउथ बेमधला. 'स्कँकिन पिकल' या स्का बँडमध्ये गायचा आणि सॅक्सोफोन वाजवायचा. १९९६ मध्ये त्याने 'एशियन मॅन रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली आणि आईवडिलांच्या गॅरेजमधून चालवली, माँटे सेरेनोला. १९९८ मध्ये वंशद्वेषाविरुद्ध स्का बँडांचा दौरा काढला. आपल्या पोरांना एखाद्या रात्री प्रश्न पडतो की या गर्दीत आपण तपकिरी कातडीचे कसे काय. तेव्हा हे नाव सांगायला हाताशी असावं.

आधी कान

आता खरं कामाचं. कानांच्या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही आणि तुम्हीही ऐकू नका.

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेसाठी जी सरकारी संस्था आहे, नायॉश, तिचा हिशोब असा: ८५ डेसिबल आवाज रोज ८ तास चालेल. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. नायॉशचं फुकट अ‍ॅप आयफोनवर मिळतं, मी ते घेऊन गेले होते. खोली छोटी, ड्रम माणसांपासून चार हातांवर. आकडा १०० च्या खाली उतरायला तयार नव्हता. चार बँड म्हणजे तीन तास. हिशोब तुम्हीच करा. मी इचलकरंजीत गणपतीच्या मिरवणुकीत ताशाच्या शेजारून चालत वाढले, कानात काही न घालता. माझ्या डाव्या कानात रात्री उशीवर डोकं टेकलं की बारीक शिट्टी वाजते, आणि ती जात नाही.

कापसाचा बोळा चालत नाही. तेलात भिजवलेला तर नाहीच. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, पन्नास प्लगची डबी आणा. पण बहुतेक लोक ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि म्हणतात की उपयोग होत नाही. घालायची पद्धत अशी. हात धुऊन कोरडे करा. प्लग दोन बोटांत धरून अंगठ्याने वळा, वातीसारखा बारीक होईपर्यंत, घडी पडू देऊ नका. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजवा कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढा. कानाची वाट सरळ होते. आता वळलेला प्लग पटकन आत सारा आणि बोट त्यावर टेकवून तीस सेकंद थांबा. तो आत फुगतो. फुगताना कानात आधी वाऱ्यासारखा आवाज येतो, मग तोही बंद होतो आणि आपलं स्वतःचं बोलणं रांजणात बोलल्यासारखं ऐकू येतं. तसं ऐकू आलं म्हणजे बरोबर बसला. समोरून पाहिल्यावर प्लग बाहेर डोकावत असेल तर काढून पुन्हा घाला.

वाजवणाऱ्या मुलांना फोमचा त्रास होतो, सूर नीट कळत नाही. त्यांच्यासाठी संगीतकारांचे रबरी, तीन कडांचे प्लग घ्या. ते सगळ्या पट्ट्यांतला आवाज सारखा कमी करतात. वीस-पंचवीस डॉलरला मिळतात, दोरीसकट घ्या. माझ्या लेकीने पहिल्या शोला "नको गं" म्हणून ते खिशात ठेवले. दुसऱ्या दिवशी न्याहारीला ती म्हणाली, आई, तू हळू का बोलतेस? मी नेहमीच्याच आवाजात बोलत होते. त्यानंतर नियम झाला की प्लग कानात गेले नाहीत तर ट्रॉम्बोनची पेटी घराबाहेर जात नाही. एवढ्या एकाच बाबतीत मी पोलिसासारखी वागते.

जाताना

शो कोणकोणत्या बँडांचा आहे, दार किती वाजता उघडतं आणि तिकीट किती ते आदल्या दिवशी पुन्हा बघा, बदलतं. रोख पैसे ठेवा, सुटे. प्रवेशाला वर्षाचं सभासदत्वही लागतं. कित्येक वर्षं ते दोन डॉलर होतं, आता जे असेल ते दारातच देता येतं. कार्ड मिळतं ते जपून ठेवा, पुढच्या वेळी लागतं.

फ्रीमाँट, युनियन सिटी, हेवर्डवाल्यांसाठी बार्ट या लोकल रेल्वेची ऑरेंज लाइन न बदलता नॉर्थ बर्कलीला नेते. तिथून गिलमन मैलाहून थोडं जास्त आहे, रस्ता सपाट. ट्रॉम्बोनची पेटी पाठीवर घेऊन माझी लेक आरामात चालते. परतताना मात्र घड्याळ बघा, बार्ट मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होते. अ‍ॅम्प आणि ड्रम असतील तर गाडीला पर्याय नाही. ज्या घरात मिनीव्हॅन आहे ते घर बँडमध्ये आपोआप सामील होतं, आमचं झालं.

जेवून जा. आत पोटभर काही मिळेल असं धरू नका. आम्ही फोर्थ स्ट्रीटवरच्या विक्स चाटला थांबतो, गाडीने जवळच आहे, पण ते संध्याकाळी लवकर बंद होतं तेव्हा वेळ बघून जा. पोरांना छोले-भटुरे वाजवायच्या आधी देऊ नका. पितळी वाद्य वाजवायला पोट रिकामं नको आणि तट्ट भरलेलंही नको. शिवाय तोंड धुऊन, चूळ भरूनच वाद्याला तोंड लावायचं. हे शाळेच्या मास्तरांनी सांगितलेलं असतं, मुलं विसरतात. मी बरोबर पोळीचा रोल आणि पाण्याची बाटली घेते. आणि स्वेटर. बर्कलीला रात्री खाडीवरून वारं येतं आणि जुलैतही हुडहुडी भरते.

कपड्यांचं काय, असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. बंद बूट घाला, बाकी काहीही. मी कुर्ता आणि जीन्स घालून जाते, ओढणी मात्र घरी ठेवते. मुलींच्या कानात लोंबते डूल नकोत.

आत

दारावर हाताला शिक्का मारतात. आत भिंतीवर, छतावर, बाथरूमच्या दारावर, जिथे हात पोचला तिथे चाळीस वर्षांचं लिखाण आहे, एकावर एक. पहिल्यांदा डोळ्यांना त्रास होतो. मग वाचायला लागतो.

उभं कुठे राहायचं? साउंडवाला जिथे मिक्सर घेऊन बसतो त्याच्या आसपास. तिथे आवाज सगळ्यात नीट ऐकू येतो, कारण तो स्वतः तिथेच बसून ऐकत असतो. स्पीकरच्या समोर उभं राहू नका. अगदी पुढे आपल्या लेकरासमोर उभं राहायचा मोह होईल, पण ती जागा त्याच्या मित्रांची आहे. व्हिडिओ एका गाण्याचा काढा, मग फोन पिशवीत टाका.

स्टेजच्या पुढे मधोमध जी मोकळी जागा पडते तिला पिट म्हणतात. त्यात पोरं एकमेकांवर आदळतात, गोल धावतात. तिसऱ्या शोला मी पहिल्यांदा ते समोरून बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मग मी बघत राहिले. एक मुलगा पडला. तो जमिनीला टेकायच्या आत चार हात त्याच्या काखेत गेले आणि तो उभा होता, आणि ज्याच्या धक्क्याने तो पडला त्याचाच एक हात त्या चारांत होता. थोड्या वेळाने एका मुलीचा बूट निघाला. कोणीतरी तो उचलून डोक्यावर उंच धरला आणि तसाच धरून उभा राहिला, सगळं भोवताली उसळत असताना, ती लंगडत येऊन घेईपर्यंत. चष्मा सापडला तरी तसंच करतात. पडलेल्याला आधी उचलायचं, ही तिथली रीत लिहिलेली कुठे नाही पण लहान मुलांनाही पाठ आहे. आपल्या मुलाला पहिल्या वेळी जाण्याआधी एवढंच सांगा: पिटमध्ये हात खाली, मुठी नाहीत, ज्याला आत यायचं नाही त्याला ओढायचं नाही, आणि कोणी नको तिथे हात लावला तर दारावरच्या स्वयंसेवकाला लगेच सांगायचं. ते ऐकतात. एका रात्री एका मोठ्या माणसाला त्यांनी माझ्यासमोर बाहेर काढलं, गाणं मधेच थांबवून.

पिट नको असेल तर कडेला स्कँकिंग करा. स्कावरचा नाच तो. जागच्या जागी धावल्यासारखं करायचं, उजवा गुडघा वर तेव्हा डावा कोपर पुढे, मग उलट, कमरेत थोडं वाकून. ज्याला लेझीम येते त्याला हे लगेच येतं, अंगाचा तोल तसाच राखायचा असतो. मी करते. माझी लेक लाजेल असं मला वाटलं होतं. तिने स्टेजवरून बघितलं आणि पुढचा सूर तिचा हसण्यात गेला.

स्टेजवरच्या मुलांसाठी

हा भाग मुलांना वाचून दाखवा, किंवा पाठवा.

ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि साउंडवाल्याला जाऊन भेटा, नाव सांगा, त्याचं नाव विचारा. कागदावर स्टेजचं चित्र काढून द्या: कोण कुठे उभं, कोणाला माइक, कोणाचा अ‍ॅम्प कुठे. सात जणांच्या स्का बँडला हे फार लागतं. ड्रमचा मोठा संच बहुतेक वेळा एकच असतो आणि सगळे बँड तोच वापरतात, पण स्नेअर हा छोटा ड्रम, झांजा आणि पेडल ज्याचे त्याने आणायचे असतात. हे आधी फोन करून ठरवून घ्या, तिथे जाऊन नको.

ट्रॉम्बोनच्या पुढे जागा मोजा. स्लाइड, म्हणजे त्याची सरकती नळी, पूर्ण बाहेर काढली की वाद्य दीड मीटरच्या पुढे जातं. आमच्या बासवाल्या मुलाच्या पाठीत ती दोनदा घुसली आहे. आता लेक जमिनीवर चिकटपट्टीची खूण करते, तिथून पुढे कोणी यायचं नाही. पितळी वाद्य गार असलं की सूर खाली उतरतो आणि खोली तापली की वर चढतो. म्हणून बाहेर थंडीत लावलेला सूर आत टिकत नाही. आत आल्यावर दहा मिनिटं वाद्यात नुसता श्वास सोडत राहा, ते अंगाइतकं ऊबदार होऊ दे, मग सूर लावा. पहिलं गाणं झालं की पुन्हा तपासा. वाद्यात जमलेलं श्वासाचं पाणी सेटच्या आधी कळ दाबून काढून टाका, आणि स्टेजवर पाणी पाडलंत तर जाताना फडक्याने पुसा. तिथे पुढचा माणूस वायरी घेऊन उभा राहणार आहे.

माइकला वाद्याचं तोंड चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा. तीस मिनिटं दिली असतील तर पंचवीस मिनिटांची गाणी ठरवा. गाणं चुकलं तर थांबू नका, समोरच्यांना कळत नाही. वेळ संपली अशी खूण झाली की थांबा, मग सगळ्यात आवडतं गाणं राहिलं असलं तरी. आणि उतरताना सामान स्टेजवर सुटं करत बसायचं नाही. झांज स्टँडसकट उचला, बाहेर न्या, तिथे उलगडा. दोन बँडांच्या मधली पंधरा मिनिटं पुढच्या बँडची असतात. इथे आईबापांनी उपयोगी पडावं, मला आता स्नेअर कसा उचलतात ते येतं.

आपलं झाल्यावर

आता सुरुवातीला सांगितलेलं. शाळकरी मुलांचा बँड बहुधा पहिला वाजवतो. त्यांचे मित्र, भावंडं, आम्ही आईबाप, चाळीस-पन्नास माणसं असतात. सेट संपला की फोटो, मिठ्या, आणि सगळे बाहेर. आमच्या चौथ्या शोला मीच सगळ्यांना घाई करत होते, उद्या सकाळी मराठी शाळा आहे म्हणून. पेटी राहिली म्हणून परत आत गेले तर तिसरा बँड लागला होता. नेवाडातून व्हॅन चालवत आलेली चार मुलं, पहाटे पुढच्या गावाला निघणार होती. समोर मोजून अकरा माणसं. त्यांच्यातली गाणारी मुलगी माझ्या लेकीच्या सेटला पहिल्या रांगेत उभी राहून नाचली होती, मी बघितलं होतं. मी तिथे उभी राहिले. ती त्या अकरा जणांसाठी जीव तोडून गायली. बाहेर जाऊन मी लेकीला आणि तिच्या मित्रांना परत आत आणलं. काही न बोलता आली सगळी.

दारावर जमलेल्या पैशांतून जागेचा खर्च आणि बँडांचा वाटा निघतो. बाहेरगावच्या बँडला त्यात पेट्रोलही निघेलच असं नसतं. म्हणून कोपऱ्यातल्या टेबलावर ते टी-शर्ट आणि कॅसेटी मांडतात. एक घ्या. मापाचा नसला तरी घ्या, घरी कोणाला तरी होतो. बाहेरगावची मुलं रात्री कुठे झोपणार हे विचारा. आमच्या दिवाणखान्यात दोनदा व्हॅनभर पोरं झोपून गेली आहेत. सकाळी त्यांना पोहे केले. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कोणाला आहे का ते आधी विचारून घ्या.

शेवटचा बँड संपला की दिवे लागतात आणि झाडू निघतात. कोणाला विचारायची गरज नाही, एक झाडू उचलायचा. स्टेजपासून दाराकडे झाडत यायचं, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, तुटलेल्या ड्रमकाठ्या वेगळ्या, त्या मुलं घरी नेतात. सभासद झालात तर सभांनाही जाता येतं आणि मत देता येतं. मी महिन्यातून एक शनिवार दारावर बसते. शिक्के मारते, कार्ड तपासते, आणि डबीतले फोमचे प्लग टेबलावर ठेवते. कोणी आई किंवा बाबा रस्त्यापलीकडे गाडीत बसलेले दिसले, तर जाऊन काचेवर टकटक करते.